‘प्रक्षेपण बंद’ म्हणजे नेमके काय बंद?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अवकाशयान उडायचा दिवस आला की मराठीत ‘प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण’ ही शब्दजोडी हमखास भेटते. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले तेव्हाही ती भेटली. वाचणाऱ्याला संदर्भाने अर्थ लागतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण ‘प्रक्षेपण लांबणीवर’ एवढेच तीन स्तंभी मथळ्यात आले, तर अग्निबाण थांबला की टीव्हीवरचा कार्यक्रम, हे कळायला बातमीत शिरावे लागते. याहून जास्त घोटाळा दुसऱ्या एका मथळ्याने होतो, आणि तो वर्षभर चालू असतो: ‘अमुक वाहिनीचे प्रक्षेपण बंद’. या चार शब्दांमागे निदान चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्यातली कोणती घडली, यावर वाचकाने कोणाला फोन करायचा हे ठरते. या शब्दाचा अर्थ, त्याचे मूळ आणि त्याची हद्द यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

‘प्रक्षेपण’ आले ‘क्षिप्’ या संस्कृत धातूवरून. क्षिप् म्हणजे फेकणे, टाकणे. आक्षेप, संक्षेप, निक्षेप, अधिक्षेप, हस्तक्षेप ही सगळी त्याच घरातली मंडळी. ‘प्र’ लागला की पुढे, जोराने फेकणे. क्षेपणास्त्र यातलेच. अग्निबाणाच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे आणि उपग्रह वाहून नेणाऱ्या यानाला ‘प्रक्षेपक’ म्हणणेही बरोबर. गंमत अशी की मराठीने या एकाच शब्दाला आणखीही कामे लावली आहेत. भूगोलाच्या पुस्तकात गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीला ‘नकाशा प्रक्षेपण’ म्हणतात. मानसशास्त्रात आपल्या मनातले दुसऱ्यावर लादणे हेही प्रक्षेपण. आणि जुन्या ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेला श्लोक ‘प्रक्षिप्त’. म्हणूनच टीव्हीच्या कार्यक्रमाला आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणत नाही, ‘प्रक्षेपित’ म्हणतो. व्याकरणाने दोन्ही रूपे शक्य आहेत, पण पहिले पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी आधीच अडवून ठेवले आहे.

रेडिओ-टीव्हीच्या तंत्रज्ञांनी हा शब्द उचलला त्याला भक्कम कारण होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा वरळीचा सुमारे ३०० मीटर उंच मनोरा खरोखरच लहरी चहूकडे फेकत होता. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. त्यामुळे मनोरा किती उंच यावर पल्ला ठरतो. हिशेब सोपा आहे: उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की साधारण पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. ३०० मीटरला सुमारे ७१ किलोमीटर. बघणाऱ्याचा अँटेना १० मीटर उंचीच्या गच्चीवर असेल तर त्याचे आणखी १३. एकूण ८४. पुणे या हद्दीच्या पलीकडे आणि मध्ये सह्याद्री उभा. म्हणून पुण्यासाठी सिंहगडावर वेगळा मनोरा लागला. मुंबईचा कार्यक्रम तिथे पकडायचा आणि पुन्हा फेकायचा, याला मराठीने ‘सहक्षेपण’ हा नेमका शब्द दिला. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांच्या कानात ‘सहक्षेपित’ अजून घोळत असेल. पुढे तालुक्याच्या गावांत १०० वॅटची छोटी केंद्रे आली. ती पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत धड दिसायची, आणि मध्ये टेकडी आली की पडद्यावर मुंग्या. व्हीएचएफच्या, म्हणजे त्या काळी टीव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या, खालच्या पट्ट्यात लहरीची लांबी साडेचार मीटरच्या पुढे जाते आणि अँटेनाचा मुख्य दांडा तिच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा लागतो. त्या काळी कौलांवर दिसणारे ते लांबरुंद सांगाडे हौसेपोटी नव्हते.

तात्पर्य, मनोऱ्याच्या काळात ‘प्रक्षेपण’ हे वर्णन होते. फेकणारा दिसत होता, फेकलेले कुठवर पोचते हे मोजता येत होते, आणि झेलायला प्रत्येकाच्या घरावर एक सांगाडा होता.

आता ‘प्रसारण’. याच्या मुळाशी ‘सृ’ हा धातू, म्हणजे सरणे, वाहणे, पुढे जाणे. प्रसार म्हणजे पसरणे. प्रसारण म्हणजे पसरवणे. काही वाचक हा शब्द ‘हिंदीतून घुसलेला’ मानतात आणि ‘प्रक्षेपण’ तेवढे अस्सल मराठी समजतात. हिंदीत टीव्हीला प्रसारण आणि अग्निबाणाला प्रक्षेपण अशी वाटणी पक्की आहे, हे खरे. पण आपले ‘पसरणे’, ‘पसारा’, ‘पसरट’ हे सगळे त्याच प्र-सृचे प्राकृतातून घरी आलेले वंशज आहेत. तेव्हा परकेपणाचा आरोप करायचाच तर तो प्रसारणावर चिकटत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. उष्णतेने लोखंडाचे होते ते ‘प्रसरण’, बातम्यांचे होते ते ‘प्रसारण’. एका कान्याने अर्थ बदलतो, आणि मुद्रितशोधनात हा काना वारंवार निसटतो. तसेच पत्रक ‘प्रसृत’ होते, कार्यक्रम ‘प्रसारित’ होतो. दोन्ही बरोबर, जागा वेगळ्या.

कायद्याने आणि सरकारने प्रसारणच निवडले आहे. माहिती व प्रसारण मंत्रालय, १९९० चा प्रसार भारती कायदा (अंमलात यायला मात्र १९९७ उजाडले). दूरदर्शन १९७६ मध्ये आकाशवाणीपासून वेगळे झाले, तोवर टीव्ही हे रेडिओचेच शेपूट होते, हेही शब्दांच्या या सरमिसळीचे एक कारण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली प्रसारणाची व्याख्या पाहिली तर त्यात बिनतारी मार्गाने पोचवणे जसे येते तसे तारेने पोचवणेही येते. म्हणजे केबलसुद्धा. तारेतून काही ‘फेकले’ जात नाही, पण पसरवले नक्कीच जाते. व्यापक शब्द कोणता आणि विशेष कोणता, याचा निकाल इथेच लागतो.

इंग्रजीकडे जरा पाहू, कारण आपले दोन्ही शब्द तिथल्या दोन शब्दांच्या शेजारी वाढले. ‘ब्रॉडकास्ट’ हा मुळात शेतीतला शब्द. मुठीने बी रानभर उधळून पेरणे, हा त्याचा अठराव्या शतकातला अर्थ. आपल्याकडे वाफ्यात मेथी-कोथिंबीर अशीच फोकून पेरतात. तिफणीने किंवा पाभरीने पेरले तर बी ओळीत आणि मोजून पडते, फोकले तर पडेल तिथे पडते, कोणत्या दाण्याला कोंब फुटेल ते सांगता येत नाही. १९२० च्या सुमारास रेडिओवाल्यांनी हा शब्द उचलला तो याच गुणासाठी: तारायंत्राचा संदेश एकाला जातो, हा मात्र जो झेलेल त्याचा. ‘टेलिकास्ट’ हे त्याचे नंतरचे जोडरूप, दूर आणि फेक. ‘कास्ट’ या अर्ध्या भागाचे मूळ स्कँडिनेव्हियन भाषांत आहे आणि अर्थ फेकणे हाच. म्हणजे अर्थाने ‘प्रक्षेपण’ हे टेलिकास्टचे अगदी जवळचे. आणि ‘टेलिव्हाइज’ या क्रियापदाचा प्रवास तर उलट्या पावलांचा. आधी १९०० मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत कॉन्स्टँटिन पर्स्की यांनी ‘टेलिव्हिजन’ हे नाम वापरले, अर्धे ग्रीक आणि अर्धे लॅटिन. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, ‘रिव्हिजन’ला ‘रिव्हाइज’ आहे तर ‘टेलिव्हिजन’लाही असावे, अशा चालीवर नामाची शेपटी कापून क्रियापद केले गेले. मराठीतही नाम आधी आले, पण आपण शेपटी कापली नाही. ‘प्रक्षेपणे’ असे क्रियापद झाले नाही, ‘प्रक्षेपित करणे’ झाले. त्यामुळे वाक्य लांबते हे मान्य, पण ‘करणे’ लिहायचे तर करतो कोण हा प्रश्न आपोआप पुढे येतो. तो प्रश्न टाळला की घोटाळा सुरू होतो.

कारण आजची साखळी मनोऱ्याच्या काळासारखी राहिलेली नाही. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने बहुतेक प्रक्षेपक बंद झाले आहेत. आता वाहिनी तिच्या केंद्रात कार्यक्रम, जाहिराती आणि खालची पट्टी क्रमाने लावते. तिथून संकेत टेलिपोर्टला जातो. तिथली मोठी छत्री तो भूस्थिर उपग्रहाकडे पाठवते, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच. उपग्रह वारंवारता बदलून तो खाली सोडतो. केबलसाठीच्या वितरणात प्रामुख्याने सी पट्टा वापरला जातो, वर जाताना ६ आणि उतरताना ४ गिगाहर्ट्झच्या आसपास. केबलवाल्याचे मुख्य केंद्र तो दोन-तीन मीटर व्यासाच्या छत्रीने झेलते आणि तारेने घरोघर देते. डीटीएच कंपनी तोच संकेत उतरवून घेऊन पुन्हा आपल्या टेलिपोर्टमधून केयू पट्ट्यात वर पाठवते, आणि तो आपल्या गच्चीवरच्या साठ सेंटिमीटरच्या छत्रीत उतरतो. फेकणे या साखळीत आहे, पण ते टेलिपोर्टचे आणि उपग्रहाचे काम. वाहिनी प्रसारण करते. केबलवाला आणि डीटीएच कंपनी पुरवठा करतात. 

यातला कोणता दुवा तुटला, ते मथळ्यातून कळायला हवे.

वाहिनीने स्वतःच गाशा गुंडाळला, किंवा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्सच्या १९९५ च्या कायद्याखाली सरकारने मनाई केली, तर ‘प्रसारण बंद’ हेच लिहावे. इथे यंत्रे धडधाकट असतात, निर्णय माणसांचा असतो. टेलिपोर्टची वीज किंवा प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) गेला, उपग्रहावरचा ट्रान्सपाँडर (संकेत झेलून पुन्हा खाली सोडणारे यंत्र) बिघडला, तर देशभर एकाच क्षणी सगळ्यांचा पडदा काळा होतो, केबल असो की डीटीएच. याला ‘प्रक्षेपण खंडित’ म्हणणे अचूक. अशा बिघाडाला राखीव व्यवस्था असते, त्यामुळे तो बहुधा मिनिटांत आवरतो.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त वेळा घडतो आणि सगळ्यात चुकीचा छापला जातो. दरांवरून वाहिनी समूह आणि केबल कंपनी यांचे फिसकटते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून असेच झाले आणि देशभरात असंख्य केबल ग्राहकांच्या पडद्यावरून मोठमोठ्या वाहिन्या गेल्या. तेव्हा ‘प्रक्षेपण बंद’ म्हणणे साफ चूक. वाहिनी चालूच होती, उपग्रह फेकतच होता, संकेत त्या केबलवाल्याच्या छत्रीतही पडतच होता. फक्त तो उलगडायची किल्ली काढून घेतली होती. संकेत कुलूपबंद करून पाठवलेला असतो आणि कोणत्या केंद्राच्या यंत्राने तो उघडायचा हे वाहिनीच्या हातात असते. इथे ‘पुरवठा थांबवला’ किंवा सरळ ‘केबलवरून वाहिनी काढली’ लिहिले तर वाचकाला लगेच कळते की शेजारच्या डीटीएचवर ती दिसत असणार आणि भांडण आपल्या केबलवाल्याशी किंवा त्याच्या वरच्या कंपनीशी आहे.

चौथा दुवा घरातला. पावसाळ्यात ‘जोरदार पावसामुळे प्रक्षेपण विस्कळीत’ अशी ओळ वाचायला मिळते. विस्कळीत होते ते बहुतेक वेळा ग्रहण, प्रक्षेपण नव्हे. केयू पट्ट्यात उतरत्या लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. सी पट्ट्यात ती साडेसात सेंटिमीटर असल्याने तोच पाऊस तिला फारसा अडवत नाही. म्हणून मुसळधार पावसात डीटीएच जातो आणि केबल चालू राहते. त्याच पावसात महावितरणची वीज गेली की उलट होते: इन्व्हर्टरवरचा डीटीएच पाऊस ओसरताच परत येतो, पण गल्लीतल्या खांबावरच्या प्रवर्धकाला वीज नसल्याने केबल मेलेलीच राहते. पूर्वी संकेत हळूहळू क्षीण व्हायचा, मुंग्या वाढत जायच्या. आता अंकीय संकेत एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसतो, मग चित्राचे चौकोन पडतात आणि एकदम ‘नो सिग्नल’.

वाचकांच्या उपयोगाचे म्हणून थोडे आणखी. सगळ्या वाहिन्या गेल्या असतील तर पाऊस, छत्री किंवा तिच्यापासून येणारी तार पाहावी. साठ सेंटिमीटरची छत्री दोन अंशांनी फिरली तरी पुरते. माकडे आणि पाण्याच्या टाक्या धुणारे कामगार एवढे सहज करून जातात. तारेच्या जोडात पाणी शिरून तांबे हिरवे पडले असेल तर टोक कापून नवा कनेक्टर बसवावा, पुसून चालत नाही. साधारण निम्म्याच वाहिन्या गेल्या असतील तर संशय छत्रीच्या तोंडावरच्या एलएनबीवर, म्हणजे संकेत पकडणाऱ्या छोट्या यंत्रावर: टीव्हीजवळचा बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन उभ्या की आडव्या ध्रुवीकरणाचा संकेत घ्यायचा ते सांगतो, आणि तार खराब असेल तर १८ व्होल्ट तिथवर पोचत नाहीत. फक्त पैसे भरायच्या वाहिन्या गेल्या आणि मोफतच्या चालू असतील तर छत्रीला हात लावू नये, रिचार्ज पाहावा. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस, रोज ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जाते ते वेगळेच: सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात संकेत बुडतो. त्यावर उपाय नाही आणि गरजही नाही. मेकॅनिकला मात्र या काळात विनाकारण फेऱ्या पडतात.

‘थेट’ या विशेषणाविषयीही एक शब्द. उपग्रहाकडे जाऊन परत यायला लहरीला सुमारे पाव सेकंद लागतो. मैदानावरच्या ओबी व्हॅनकडून (तिथले चित्र पाठवणाऱ्या गाडीकडून) वाहिनीकडे एक फेरी, वाहिनीकडून डीटीएच कंपनीकडे दुसरी, तिथून घरी तिसरी. यातच पाऊण सेकंद जातो. चित्र दाबून आकाराने लहान करणे आणि पुन्हा उलगडणे यात त्याहून जास्त, त्यामुळे काही सेकंदांची पिछाडी साहजिक. मोबाइलवर तोच सामना पाहणाऱ्याला तुकड्यातुकड्यांनी चित्र येते आणि काही तुकडे साठल्याशिवाय ते सुरू होत नाही, म्हणून तो आणखी मागे. शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येतो आणि मग आपल्याला षटकार दिसतो, यात कोणाची लबाडी नाही. पण मोबाइलवरच्या या प्रकाराला ‘प्रक्षेपण’ म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. प्रत्येक फोन मागणी करतो आणि सर्व्हर ज्याचे त्याला देतो. फोकून पेरण्याच्या हे अगदी उलट. ‘थेट प्रसारण’ म्हणावे, किंवा ‘ऑनलाइन दाखवणार’ एवढे पुरे.

आणि खरे सांगायचे तर बोलीने हा पेच कधीच सोडवला आहे. घरात कोणी ‘आज काय प्रक्षेपित होत आहे’ असे विचारत नाही. ‘टीव्हीवर काय लागलंय?’ असेच विचारतात. रेडिओच्या काळात ‘स्टेशन लागत नाही’ म्हणायचे, म्हणजे काटा त्या जागी बसत नाही. रेडिओ लावायचा, मग स्टेशन लागायचे. सिनेमा थिएटरला लागतो, मालिका साडेआठला लागते. हे प्रेक्षकाच्या बाजूचे क्रियापद आहे, त्याला फेकणाऱ्याशी कर्तव्य नाही. वाहिनीच्या बाजूचे तितकेच साधे क्रियापद ‘दाखवणे’. ‘अंतिम सामन्याचे थेट प्रक्षेपण रात्री साडेसातपासून करण्यात येणार आहे’ यापेक्षा ‘अंतिम सामना साडेसातपासून थेट दाखवणार’ हे छोटे आहे आणि त्यात चुकायला जागा नाही. कार्यक्रमांच्या वेळापत्रकाच्या चौकटीत तर हेच शोभते.

मग ‘प्रक्षेपण’ टाकून द्यायचे का? मुळीच नाही. पन्नास वर्षे रुळलेला शब्द आहे, ‘थेट प्रक्षेपण’ म्हटल्यावर अडणारा मराठी माणूस सापडायचा नाही. अवकाशयानाच्या बातमीत मात्र तो यानापुरता राखावा आणि टीव्हीसाठी ‘प्रसारण’ वापरावे. बिघाडाच्या बातमीत मनोरा, टेलिपोर्ट किंवा उपग्रह यांच्यापुरता ठेवावा. हक्कांच्या बातमीत ‘प्रसारण हक्क’ लिहावे, कारण कायदा प्रसारणाचाच आहे: प्रसारणसंस्थेचा तो हक्क २५ वर्षांचा, आणि २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा संकेत प्रसार भारतीला द्यावा लागतो, तोही ‘प्रसारण संकेत’ म्हणूनच.

शेवटी मुद्रितशोधकांसाठी. ‘पुनर्प्रक्षेपण’ आणि ‘पुनर्प्रसारण’ सर्वत्र छापले जाते. पुढे कठोर व्यंजन असताना विसर्गाचा रफार होत नाही. ‘पुनर्जन्म’ बरोबर, कारण ‘ज’ मृदू. ‘प’समोर विसर्ग तसाच राहतो: पुनःप्रक्षेपण, पुनःप्रसारण. विसर्ग नको असेल तर ‘पुन्हा दाखवणार’ आहेच.

आपले,
दूरचित्रवाणीच्या तांत्रिक कामाशी निगडित काही वाचक, पुणे